नव्वद टक्के बायकांना माहीत होतं म्हणे!

ताई, सा. न. वि. वि.

माझा जन्म सांगलीचा, जुलै १९५५चा. लग्न होऊन १९७९ मध्ये लंडनला, हॅरोला आले. मुलं लहान होती तोवर घरीच होते. मग शाळेच्या स्वयंपाकघरात आणि पुढे हॉस्पिटलच्या लाँड्रीत नोकरी केली. घरी येणारं प्रत्येक पत्र हे उघडायचे, वाचायचे, फायलीला लावायचे. मी त्यात कधी हात घातला नाही. २०१२ मध्ये ह्यांना अर्धांगाचा झटका आला. पुढच्या वर्षी मी नोकरी सोडली. दोन वर्षं शिलकीवर काढू, मग साठीला माझी सरकारी पेन्शन चालू होईल, असा हिशेब होता. २०१४ला हे गेले. साठ पूर्ण झाल्यावर पेन्शनसाठी फोन केला, तर पलीकडची मुलगी म्हणाली, "तुमचं पेन्शनचं वय सहासष्ट आहे." पुढची सहा वर्षं मी पहाटे उठून ऑफिसं झाडली-पुसली. मुलाला सांगितलं, घरी बसून कंटाळा येतो. त्याला आजही खरं माहीत नाही.

नंतर कागद आवरताना पेन्शन खात्याचं २०१२चं पत्र सापडलं. पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं.

आता लाँड्रीतली माझी जुनी मैत्रीण 'वास्पी'च्या, म्हणजे पेन्शनचं वय असं वाढलेल्या बायकांच्या संघटनेच्या, मोर्चाला चल म्हणते. खासदाराला तुझी हकिगत सांग म्हणते. सून म्हणते, "आई, समानता हवी तर वयही समान नको का? आणि पैसे शेवटी आमच्याच टॅक्समधून जाणार ना?" सांगलीची बहीण म्हणते, "आमच्या कामवाल्या मावशींना श्रावणबाळचे महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. तू आठवड्याला एकशेऐंशी पौंड घेतेस आणि वर रडतेस! त्यापेक्षा इकडे परत ये." पत्र तर आलं होतं, ताई. मी कुठल्या तोंडानं मोर्चाला जाऊ?

— एक वाचक, हॅरो

*

ताई,

आधी त्या पाकिटाबद्दलच बोलू. तुमचे बाकीचे सगळे प्रश्न त्यातूनच निघालेत.

१७ डिसेंबर २०२४ला ब्रिटनच्या तेव्हाच्या पेन्शनमंत्री लिझ केंडल संसदेत उभ्या राहिल्या. पत्रं पाठवायला उशीर झाला, त्याबद्दल माफी मागते, पण भरपाई देणार नाही, असं त्यांनी सांगितलं. कारणं दिली त्यात दोन मुख्य. एक, २००६ मध्येच नव्वद टक्के बायकांना वय वाढणार हे ठाऊक होतं. दुसरं, न मागता आलेलं सरकारी पत्र आल्याचं आणि वाचल्याचं चारातल्या एकालाच आठवतं, तेव्हा पत्रं लवकर पाठवून फारसा फरक पडला नसता. तुम्ही हे टीव्हीवर ऐकलं असणार. आणि त्या रात्री तुम्हाला वाटलं असणार की मंत्रीणबाई माझ्याबद्दलच बोलतायत. पाकीट आलं, पडून राहिलं, म्हणजे सरकारचा मुद्दा मीच सिद्ध करून दिला.

आता तारखा मांडून बघा. संसदेच्या ओम्बड्समननं, म्हणजे तिथल्या लोकपालानं, जुलै २०२१ मध्ये निष्कर्ष काढला की खात्याचा कारभार चुकला. बायकांना थेट पत्रं लिहिण्याचं काम डिसेंबर २००६ मध्ये सुरू व्हायला हवं होतं, ते झालं एप्रिल २००९ मध्ये. म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याची २८ महिन्यांची आगाऊ सूचना बुडाली. तुमचं पत्र २०१२ मध्ये आलं. त्यातून २८ महिने वजा करा. तेव्हा तुमचे यजमान हिंडतेफिरते होते, टपाल रोज उघडत होते, वाचून फायलीला लावत होते. हेही पत्र त्यांनी वाचलं असतं आणि जेवताना तुम्हाला सांगितलं असतं. प्रत्यक्षात ते आलं तेव्हा घरात आजारपण होतं आणि टपालाकडे बघायला कोणी नव्हतं. पाकीट बंद राहिलं ते उशिरा आलं म्हणून. 'चारातला एक' हा सरासरीचा हिशेब झाला. तुमच्या घरात त्या २८ महिन्यांनी काय केलं, हे तुम्ही तारीखवार सांगू शकता आणि तेही सरकारनंच पाठवलेलं पत्र हातात धरून.

ते पत्र लपवू मात्र नका. "मला कुणी काहीच कळवलं नाही" असं म्हणायचं नाही, कारण ते खरं नाही. मोर्चात असं म्हणणाऱ्या भेटतील, काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. तुमची हकिगत वेगळी आहे आणि माझ्या मते जास्त भक्कम आहे.

आता त्या नव्वद टक्क्यांचं. पेन्शन खात्याच्या २००६च्या पाहणीत पंचेचाळीस ते चोपन्न वयाच्या बायकांना विचारलं होतं ते हे, की पुढे पेन्शनचं वय वाढणार आहे हे तुम्हाला माहीत आहे का. त्याच खात्यानं २००४ मध्ये दुसरा प्रश्न विचारला होता : तुमचं स्वतःचं पेन्शनचं वय किती असणार? त्याचं बरोबर उत्तर देता आलं अवघ्या ४३ टक्के बायकांना. तुम्ही सांगलीच्या, तुम्हाला वेगळं सांगायला नको. कृष्णेला पूर येणार हे सगळ्या गावाला माहीत असतं, पण पाणी आपल्या उंबऱ्याला कधी लागणार हे कळलं तरच माणूस सामान माळ्यावर चढवतो. नव्वद टक्क्यांना पूर माहीत होता, एवढंच. तुम्हाला २००६ मध्ये कुणी विचारलं असतं तर तुम्हीही बहुधा "हो, काहीतरी बदलतंय असं कानावर आहे" म्हणाला असता आणि त्या नव्वदांत मोजल्या गेला असता.

सूनबाईंचं म्हणणं मात्र मला पटतं आणि तुम्हीही ते मोकळेपणानं मान्य करा. बायकांना साठीला आणि पुरुषांना पासष्टीला पेन्शन ही पद्धत १९४०पासूनची. ती कधी ना कधी बदलायलाच हवी होती. १९९३ मध्ये अर्थमंत्री केनेथ क्लार्क यांनी ते जाहीर केलं, १९९५ मध्ये कायदा झाला. २०१० ते २०२० अशी दहा वर्षं टप्प्याटप्प्यानं बायकांचं वय पासष्टवर न्यायचं ठरलं. कागदावर बघितलं तर चांगली पंधरा वर्षं आधी दिलेली सूचना, कुणाला नावं ठेवायला जागा नाही. फक्त जिला ती लागू होती तिच्या घरी ती पोचवायची राहिली. पुढे २०११ मध्ये नव्या सरकारनं घाई केली, पासष्ट २०१८ मध्येच गाठलं आणि ऑक्टोबर २०२०पर्यंत बायका-पुरुष दोघांचंही सहासष्ट केलं. तुमच्या सहा वर्षांतली पाच १९९५च्या कायद्याची आहेत, सहावं २०११चं. 'वास्पी' ही संघटना २०१५ मध्ये पाच बायकांनी सुरू केली आणि वय समान करण्याला तिचा विरोध नाही. तिचं भांडण ते कसं केलं याच्याशी आहे. सूनबाईंना हे सांगा. आणि हेही विचारा की तिचं स्वतःचं पेन्शनचं वय किती लिहिलंय? १९७८च्या एप्रिलनंतर जन्मली असेल तर आजच्या कायद्यानं अडुसष्ट. ते पुन्हा बदललं, तर तिला कोण आणि किती वर्षं आधी कळवणार? तुमच्या पिढीच्या भांडणाचा तिला उपयोग असलाच तर तो इथे आहे. टॅक्सचा तिचा मुद्दा खोटा नाही. ओम्बड्समनच्याच अंदाजानं सगळ्यांना भरपाई द्यायची तर साडेतीन ते साडेदहा अब्ज पौंड लागतील. तरुण माणसानं त्यावर कपाळाला आठी घातली म्हणून ती वाईट ठरत नाही.

मोर्चाला जाणार असाल तर मागायचं नेमकं काय, हे आधी पक्कं करा. १९५०च्या दशकात जन्मलेल्या या पस्तीस लाखांहून जास्त बायका आहेत आणि सगळ्यांची मागणी एक नाही. एका गटाला साठीपासूनची सगळी पेन्शन परत हवी होती. ते कोर्टात गेले, २०१९ मध्ये हायकोर्टात हरले, २०२० मध्ये अपिलात हरले आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं अपील करायची परवानगीच नाकारली. तो रस्ता बंद आहे. लेबर पक्षानं २०१९च्या निवडणुकीत ५८ अब्ज पौंडांची योजना जाहीर केली होती, पण ती निवडणूक पक्ष हरला. आणि २०२४ मध्ये सत्तेत आल्यावर 'नाही' म्हणणारं सरकारही लेबरचंच. त्यांचे पुढारी विरोधात असताना वास्पीच्या बायकांबरोबर हसत फोटो काढून घेत होते, ते फोटो आता त्याच बायका फलकांवर चिकटवून फिरतात. राजकारण्यांच्या बाबतीत सांगली आणि वेस्टमिन्स्टर यांत फार अंतर नाही.

ओम्बड्समननं २१ मार्च २०२४च्या अहवालात सुचवलेली रक्कम आहे माणशी १,००० ते २,९५० पौंड. ही गेलेल्या पेन्शनची भरपाई नव्हे. वेळेत कळलं नाही म्हणून जे ठरवायची संधी गेली, जो मनस्ताप झाला, त्याची आहे. तुमच्या सहा वर्षांच्या पहाटेच्या कामापुढे ती दर्या में खसखस आहे, हे मलाही दिसतंय. पण जिच्यामागे अधिकृत अहवाल उभा आहे अशी मागणी एवढीच आहे. सहा वर्षांची पेन्शन मिळेल या आशेनं गेलात तर दुखावून परत याल.

सध्या स्थिती अशी आहे. केंडलबाईंच्या निर्णयाविरुद्ध वास्पी कोर्टात गेली. ११ नोव्हेंबर २०२५ला नवे मंत्री पॅट मॅकफॅडन यांनी सांगितलं की २००७चा एक जुना पाहणी अहवाल निर्णयाच्या वेळी मंत्र्यांपुढे आलाच नव्हता, म्हणून निर्णय पुन्हा घेऊ. त्याच दमात हेही सांगितलं की याचा अर्थ पैसे मिळतील असा कुणी घेऊ नये. जानेवारी २०२६ मध्ये फेरविचाराचं उत्तरही 'नाही' असंच आलं. भरपाई मिळणार नाही असं धरूनच घरखर्च आखा. पुढे काही वेगळं झालं तर आनंद करू. मोहिमेच्या कोर्टखर्चासाठी पैसे द्यावेत का, असं मैत्रिणीनं विचारलं तर पाच-दहा पौंड खुशाल द्या. त्याच्यापुढे नको.

आता मुलाचं. खासदाराकडे जायच्या आधी त्याला सांगा. दुसऱ्याकडून, किंवा एखाद्या स्थानिक पेपरातल्या फोटोतून त्याला कळलं तर त्याला जास्त लागेल. त्याला वाईट वाटू नये म्हणून लपवलं, असं तुम्ही म्हणाल. मला वाटतं तेवढंच कारण नव्हतं. हॉस्पिटलच्या नोकरीतून ऑफिसची फरशी पुसण्यावर यावं लागलं, त्याची लाज होती. आणि मनात कुठेतरी ह्यांच्यावर रागही होता, की फायलीतलं कधी मला दाखवलं नाही. गेलेल्या माणसावर रागावता येत नाही, म्हणून तो राग तुम्ही स्वतःवर वळवलात. मुलाला सांगताना बाबांचा दोष काढायला नको आणि स्वतःचाही. साधं सांगा : पेन्शन साठीला नाही असं कळलं, पैसे नव्हते, म्हणून काम केलं. तो चिडेल बहुधा, "मला का नाही सांगितलंस" म्हणेल. चिडू दे. एकेचाळीस-बेचाळीसचा मुलगा आहे, आईनं फरशी पुसली हे ऐकून मोडणार नाही. सून तेव्हा शेजारी असेल तर उत्तमच. टॅक्सचं बोलणारी पोरगी हे ऐकल्यावर काय बोलते ते मला कळवा.

मग जा. संसदेबाहेर जांभळे पट्टे लावून उभ्या राहणाऱ्या बायका बहुतेक गोऱ्या असतात आणि तुम्ही तिथे परक्या वाटाल अशी भीती तुमच्या पत्राच्या ओळींमधून मला जाणवली. हॅरो, वेम्ब्ली, लेस्टर, साउथॉलमधल्या किती देशी बायकांच्या घरी टपाल नवऱ्याच्याच हातात होतं! इंग्रजी पत्र वाचायला मुलाची वाट बघणाऱ्या किती! त्यांची हकिगत अशा ठिकाणी फारशी ऐकू येत नाही. खासदाराला भेटायला मोर्चाचीही गरज नाही. तुमच्या भागात त्यांची 'सर्जरी', म्हणजे लोकांना भेटायची बैठक, भरते, तिथे वेळ घेऊन जाता येतं. एका कागदावर चार तारखा लिहून न्या : पत्र कधी आलं, आजारपण कधी, नोकरी कधी सोडली, साठ कधी पूर्ण झाली. भाषण नको. इंग्रजी मोडकं असलं तरी तारखा मोडक्या नसतात.

बहिणीला काय सांगायचं? दीड हजार रुपयांत म्हाताऱ्या माणसाचा महिना निघत नाही, हे खरंच आहे. २०२३पर्यंत तर ते हजारच होते. पण मावशींना कमी मिळतं म्हणून तुम्ही गप्प बसलात तर मावशींचे दोन हजार होणार नाहीत. बहीणबाईंनी मावशींसाठी तहसील कार्यालयात एखादी खेप घातलीय का, तेही प्रेमानं विचारून बघा. आणि तुमची पेन्शन दान नाही. नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारातून कापला जाणारा सरकारी विम्याचा हप्ता, भरलेल्या आणि मुलं वाढवलेल्या वर्षांवर ती ठरते. ती बँकेतल्या ठेवीसारखी तुमच्या नावानं साठवलेली रक्कम नसते, कायदा बदलून सरकार तिचं वय हलवू शकतं, म्हणूनच तर हे सगळं झालं.

"परत ये" या सल्ल्याला मात्र घाईनं हो म्हणू नका. ब्रिटिश पेन्शनर कायमचा भारतात राहायला गेला तर त्याच्या पेन्शनचा दर तिथेच गोठतो. दर एप्रिलमध्ये होणारी वाढ मिळत नाही. अमेरिकेत गेलेल्याला मिळते, भारतात आलेल्याला नाही. सत्तरीला गेलात तर नव्वदीलाही हाच आकडा हातात पडेल. हिवाळ्यात चार महिने सांगलीला राहून या, बहिणीशी पोटभर भांडा.

शेवटी, जे तुम्ही विचारलंच नाहीत ते. आठवड्याला एकशेऐंशी पौंड हा आकडा वाचून मी थबकले. नव्या पद्धतीची पूर्ण पेन्शन २०२५-२६ मध्ये २३०.२५ पौंड होती आणि साधारण पस्तीस वर्षांची नोंद असली की ती मिळते. तुम्हाला कमी मिळण्याची इतरही कारणं असू शकतात, हॉस्पिटलच्या वेगळ्या पेन्शनमुळे काही वजावट असेल. पण तुम्ही मुलांसाठी घरी होता ती वर्षं नोंदीत आहेत का, हे कधी बघितलंय? १९७८ ते २०१० या काळात चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, घेणाऱ्या आईला 'होम रिस्पॉन्सिबिलिटीज प्रोटेक्शन' या नावानं त्या वर्षांचं संरक्षण मिळायचं. मे २०००च्या आधीच्या अर्जात आईचा नॅशनल इन्शुरन्स नंबर लिहिलेला नसेल तर ती वर्षं अनेक बायकांच्या नोंदीतून गळाली. तुमच्या घरातले फॉर्म कोण भरत होतं, हे तुम्हीच लिहिलंय. तुमचा नंबर त्यावर होता का, कुणास ठाऊक. गळालेली वर्षं परत नोंदवून घेता येतात, पेन्शन वाढते आणि मागची थकबाकीही मिळते. बेनिफिट यजमानांच्या नावावर असेल तर ती वर्षं तुमच्याकडे वळवता येतील का, तेही विचारा. यासाठी मंत्र्याचा होकार लागत नाही.

त्याच बरोबर पेन्शन क्रेडिटची चौकशी करा. एकट्या माणसाचं उत्पन्न ठरावीक रकमेच्या (२०२५-२६ मध्ये आठवड्याला २२७.१० पौंड) खाली असेल तर वरची भर सरकार घालतं. तुम्ही मुलाकडे राहत असलात तरी त्याचा पगार त्यात धरत नाहीत. दहा हजार पौंडांच्या आत शिल्लक असेल तर तिचीही अडचण नाही. अर्ज मागच्या तीन महिन्यांपुरताच मागे नेता येतो, म्हणून लांबवू नका. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस किंवा एज यूकेच्या केंद्रात हे फॉर्म फुकट भरून देतात. मुलांच्या जन्मतारखा, तुमचा नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि पेन्शनचं शेवटचं पत्र सोबत न्या. मुलांसाठी घरी असलेल्या वर्षांच्या फॉर्मचं नाव सीएफ ४११, तो ऑनलाइनही भरता येतो. मुलाला सांगून झालं की पहिलं काम त्याच्याकडून हेच करून घ्या.